चिखलाच्या दवाखान्याचं गाऱ्हाणं

आमच्या घराला गाव 'चिखलाचो दवाखानो' म्हणायचा. फाटकावरच्या पाटीवर बाबांनी वळणदार अक्षरात 'निसर्गोपचार व योग आरोग्यसदन' असं रंगवून घेतलं होतं. पण मालवणात उतरून कुणी ते नाव विचारलं, तर गाडीवान नुसताच तोंडाकडे बघत राही, आणि 'चिखलाचो' म्हटलं की लगेच बैल जुंपायला घेई. शाळेत पोरी मला 'चिखलाचां चेडू', म्हणजे चिखलाची पोर, म्हणून चिडवत. मी रडावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांना सांगितलं, होय, चिखलाचंच आहे, या आणि लावून घ्या, तोंडावरच्या पुटकुळ्या तरी जातील. तेव्हापासून फटकळ म्हणून माझं नाव झालं, आणि ते मी आजवर नेटाने राखलं आहे.

बाबा पूर्वी मुंबईत एका गिरणीच्या हपिसात कारकून होते. दम्याने त्यांची अशी दशा केली, की जिना चढून वर आले की अर्धा तास उंबऱ्यावरच बसून राहत. डॉक्टर झाले, वैद्य झाले, शेवटी कुणीतरी त्यांना घाटावरच्या एका निसर्गोपचाराच्या ठिकाणी नेऊन टाकलं. टाकलं असंच म्हणायला हवं, कारण नेणाऱ्याला ते परत येतील अशी आशा नव्हती. तिथून ते चालत बाहेर पडले, आणि नोकरीचा राजीनामा देऊन खाडीकाठच्या आमच्या माडांच्या बागेत येऊन राहिले ते इतरांना बरं करायला. झावळांनी शाकारलेल्या खोपी, दोन-तीन जस्ताचे टब, विहिरीवर रहाट आणि एक मोठी हंडी, एवढ्यावर आरोग्यसदन उभं राहिलं. माती तेवढी जपून आणावी लागे. आमच्याकडची सगळी जमीन तांबडी. पोटावर ठेवायला लागते ती काळी चिकण माती खाडीपलीकडच्या मळ्यातून होडीने येई. हातभर खोलवरची माती काढायची, उन्हात वाळवायची, चाळायची आणि भिजत घालायची. पहाटे ओल्या मातीचे पट्टे उघड्या पोटांवर पडत, तो थप्प थप्प असा आवाज आणि पाठोपाठ थंडीने हुडहुडी भरलेल्या माणसांचे 'अगो आये गो' असे उद्गार, या आवाजाने मी लहानपणभर जागी झाले. बाबा रोग्यांशी शुद्ध पुस्तकी मराठी बोलत, आणि चिडले की मालवणीवर येत. त्यावरून रोग्यांना आपण पथ्य मोडल्याचं कळत असे.

पथ्य मोडायला जागा एकच होती, ती म्हणजे माझी आई. आरोग्यसदनाच्या स्वयंपाकघरात मिठाचा खडाही येत नसे. उकडलेला दुधी, कोहळ्याचा रस, शहाळ्याचं पाणी आणि सांजवेळी भाकरीचा एक पापुद्रा. बाबांनी घरातही तेच चालू करायचं ठरवलं, तेव्हा आईने एकदाच सांगितलं, "तुमी चिखल लावा, पानी पिया, उपाशी ऱ्हवा. माका माजो बांगडो होयो." मागच्या मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, तिने स्वतःची वेगळी चूल मांडली. वारा मांगराकडून खोपींकडे वाहिला, की भाजत्या बांगड्याच्या वासाने धट्टेकट्टे पुरुष डोळे पुसत. विजयदुर्गाहून आलेले एक तांडेल, आयुष्यभर होडी हाकलेला माणूस, पोटाच्या व्याधीसाठी आमच्याकडे होते. ते एका दुपारी सूर्यस्नानाच्या निमित्ताने निघाले ते थेट मांगरात सापडले, तिरफळ घातलेल्या आमटीची वाटी तोंडाला लावलेले. बाबांनी त्यांना मालवणीत काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईने मात्र वाटी पुन्हा भरली. आमच्या घरात बंडखोरी कुठून आली असं मला विचारतात, तेव्हा मी मांगराकडे बोट दाखवते.

आता त्या बागेच्या जागी काचेच्या भिंती आहेत आणि फाटकावर 'वेलनेस' असा शब्द आहे. आमच्याकडे जो चिखल लोक नाक मुरडून लावून घेत, तोच तिथे डबीत भरून विकतात. मागे तिथल्या एका गोड बोलणाऱ्या मुलीने मला भाषणाला बोलावलं होतं. या जागेची परंपरा सांगा, म्हणाली. मी म्हटलं, सांगते, पण ती ऐकताना तुमच्या पाहुण्यांना चहा गोड लागणार नाही. तिने पुन्हा फोन केला नाही. म्हणून ती परंपरा इथे लिहिते.

आरोग्यसदन सुरू झालं तेव्हा ते पुरुषांसाठीच होतं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण बायका यायच्या त्या नवऱ्याची पथारी घालायला. आरोंद्याकडून, कुडाळाकडून, कसालला एस.टी. बदलून त्या यायच्या, नवऱ्याला टबात बसवायच्या आणि स्वतः बाहेर पायरीवर कंबर धरून बसायच्या. कुणाची कंबर बाळंतपणात गेलेली, कुणाला भात लावणीत वाकून वाकून सरळ उभं राहता येत नसे. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आसनं बाबांनी मला लहानपणीच शिकवली होती, ती रोग्यांना करून दाखवायला एक लवचीक पोर हवं म्हणून. एक दिवस मी त्या पायरीवरच्या बायकांना म्हटलं, बसून काय राहता, चला. नारळ ठेवायची एक खोप होती, ती मी झाडून काढली, सारवली आणि तिथे बायकांचा वर्ग सुरू केला. लुगड्याचा काष्टा घट्ट मारायचा आणि जमिनीवर पडायचं. पहिले काही दिवस नुसतं हसणंच चाले. मग हळूहळू गावातल्या बायकाही येऊ लागल्या, आणि त्यांत इंदू आली.

इंदू माझ्याच वयाची. गावचे मानकरी दाजी गावकर यांची ती सून. देवळातला पहिला मान दाजींचा, गाऱ्हाणं घालायचं तेही त्यांनीच. इंदूचा नवरा बोटीवर नोकरीला होता आणि ती त्या मोठ्या घरात धापा टाकत कांडण करत होती. तिला दमा होता. तिचं बोलणं असं, की तीन शब्द झाले की थांबायचं, घशातून शीळ वाजायची, मग पुढचे दोन. एखादं वाक्य पुरं होईपर्यंत ऐकणारा निघून गेलेला असे. घरात तिला कुणी काही विचारेनासं झालं होतं, कारण उत्तराला वेळ लागतो. मला तिचा राग यायचा, खरं सांगायचं तर तिच्या गप्प बसण्याचा राग यायचा, आणि त्या रागानेच मी तिला हट्टाने शिकवलं. तिच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणायची, "श्वास घ्या," मग थांबायची, मग "सोडा." एवढंच. पण ते कधी म्हणायचं आणि किती थांबायचं यात सगळं होतं. थांबणं बरोबर साधलं, की खोपीतल्या सगळ्या बायकांच्या छात्या न सांगता एकदम खाली येत. पावसाळा सरेपर्यंत इंदू पाच-सहा शब्द एका दमात बोलू लागली होती.

घोटाळा खोपीच्या भिंतीने केला. ती होती कमरेएवढी, वर सगळं उघडं. बाहेरून जाणाऱ्याला आत जमिनीवर पडलेल्या बायका दिसत नसत, पण आम्ही सर्वांगासन घातलं की भिंतीच्या वर पायांची एक रांग उभी राही. आम्हाला आतून त्याची कल्पनाच नव्हती. दाजी एका सकाळी मळ्याकडे जाताना आमच्या दगडी गडग्यापलीकडून गेले आणि त्यांना आभाळाकडे केलेले ते पाय दिसले. त्यात त्यांनी आपल्या सुनेची जोडवी ओळखली.

ते तसेच तरातरा बाबांकडे आले. "मास्तर, तुमचो चिखल तुमच्याकडे ऱ्हवांदे," ते म्हणाले. गावात बाबांना सगळे मास्तरच म्हणत. "पन माज्या सुनेचे पाय सगळ्या गावान बघले. माका आता देवळात उबो ऱ्हवाक तोंड नाय."

मी तिथेच माती चाळत होते. "सगळ्या गावान खंय बघले?" मी म्हटलं. "तुमीच एकटे बघलात. तेसुद्धा गडग्यावरसून वाकान."

"ह्या चेडवाक आवरा," दाजी बाबांना म्हणाले. "नायतर मी देवाक कौल लावतंय. उजवो कौल मिळालो, तर तुमची माती वाहूक एक होडी सुटाची नाय, आनि तुमच्या हयसर दूध घालूक कोण येवचो नाय."

ही पोकळ धमकी नव्हती. आमच्याकडे रवळनाथाला कौल लावतात, म्हणजे देवाच्या पाषाणावर ओले कळे, फुलांच्या कळ्या, चिकटवून प्रश्न विचारतात. उजवीकडचा कळा आधी पडला तर होकार. तो मिळाला की त्याच्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती नसे. त्याच संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवलं. ते चिडलेले नव्हते, म्हणून शुद्ध बोलत होते. "सुमन, एक खोप बंद करायची आणि बाकीचं सगळं वाचवायचं. यात शहाणपण आहे."

"मग फाटकावरची पाटी बदला," मी म्हटलं. "पुरुषांसाठी, असं लिहा खाली."

"तुला कळत नाही. मी हे सगळं किती कष्टाने उभं केलं आहे."

"त्या खोपीतल्या बायका पण कष्टानेच उभ्या राहतात."

दुसऱ्या दिवशी खोपीच्या दारावर फळी ठोकलेली होती, तरी ती पुन्हा कधीच निघू नये म्हणून दाजींनी कौल ठरवलाच. इंदूला तिच्या घरात अडकवून ठेवलं होतं ते वेगळंच. मी फणफणत मांगरात गेले. आई बांगडे साफ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुझो बापूस दम्यान मराक टेकलो, तेव्हा तेना कोनाचो कौल घेवक नाय. आता दुसऱ्याच्या श्वासाक कौल कित्याक?" मग कोयती बाजूला ठेवून म्हणाली, "ह्यां माका बोलान दाखवन काय उपयोग. थयसर देवळात जावन बोल."

कौल सोमवारी सकाळी होता. देवळात मानकरी पुढे, बाकी गाव मागे, आणि बायका सभामंडपाच्या बाहेर पायऱ्यांवर, ही रीत. दाजी देवासमोर उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. ज्यांनी मालवणी गाऱ्हाणं ऐकलं नसेल त्यांना सांगते, एक माणूस देवाला साकडं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर सगळा गाव हात जोडून, डोळे मिटून 'व्हय म्हाराजा' म्हणतो. दाजींचा आवाज मोठा होता. चिखलाच्या दवाखान्यात बायकांचा जो काही पोरखेळ चालला आहे, तो तुला मान्य नसेल तर उजवा कौल दे, असं त्यांनी विचारलं. गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला. गुरव कळे ओले करून उभा होता. तो बाबांकडे वळला, कारण तक्रारीचा कौल असला की दुसऱ्या बाजूनेही गाऱ्हाणं घालायचं असतं, त्याशिवाय कळे लावत नाहीत. "मास्तरानु, तुमचां काय गाऱ्हाणां?"

बाबा खाली बघत म्हणाले, "माझं काही नाही."

मग देवळात शांतता झाली, आणि त्या शांततेची लांबी मला ओळखीची वाटली. किती थांबायचं ते मला कळत होतं. मी पायऱ्या चढले, सभामंडपात आले आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा."

पुढच्या रांगेतले म्हातारे डोळे मिटून उभे होते. त्यांच्या तोंडून सवयीने आलं, "व्हय म्हाराजा." ते म्हणाले म्हणून मागचेही म्हणाले.

"तुझी लेकरां पोटासाठी मुंबैक गेली, दर्यात गेली, तेंका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"गोठ्यातल्या गोरवांक, मळ्यातल्या भाताक, खळ्यातल्या पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता काहींचे डोळे उघडले होते. पण दर्यात कुणाचा तरी मुलगा होता, मुंबईत कुणाचा तरी भाऊ होता. त्यांच्यासाठी मागितलेल्या मागण्याला गप्प कसं राहायचं? मी थांबले, खोपीत थांबायची तेवढंच, आणि पुढे म्हटलं, "घराघरात ज्या लेकी-सुनो दम लागान बसल्यात, तेंच्या छातयेतलो वारो मोकळो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी पायऱ्यांवरच्या बायकाही म्हणाल्या. बायकांचा आवाज त्या देवळात मी तोवर ऐकला नव्हता.

"आनि तो वारो मोकळो करूक जी खोप उघडली हा, ती कोन बंद करूक इलो तर तेचो हात धर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आणि त्यात सगळ्यात मोठा, सगळ्यात घुमणारा आवाज होता दाजींचा. जन्मभर त्या जागी उभा राहिलेला माणूस. गाऱ्हाणं थांबलं की छाती भरून म्हणायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की तोंड आधी बोललं आणि कान मागाहून ऐकायला आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "ह्यां खोटां," ते म्हणाले. "बायलमाणसाचां गाऱ्हाणां धरूक येना नाय. लाव रे कळे."

गुरवाने कळे परत ताटलीत ठेवले. "काय इचारान लावू?" तो म्हणाला. "तुमी देवाक प्रश्न घातलात, आनि उत्तरूय तुमीच दिलात. आता परत इचारलां तर तो म्हनात, माजी मस्करी करतत."

मी देवाला फसवलं असं म्हणणारे गावात अजून आहेत. मी कुणालाही फसवलं नाही. मोठ्याने, भर सकाळी, सगळ्यांना ऐकू जाईल असं मागितलं, आणि जे मागितलं त्यातलं एकही वाक्य लपवण्यासारखं नव्हतं. बाबा मात्र वाटेत माझ्यावर असे काही संतापले, की मालवणीतूनच सुरू झाले. लोकांना अंधश्रद्धेतून बाहेर काढायला ते गावी आले, आणि त्यांचीच मुलगी देवापुढे उभी राहिली, ही त्यांची जखम होती. "तुमी गप ऱ्हवलात म्हणान माका बोलूचां लागलां," मी म्हटलं. घरी येताच खोपीवरची फळी मी स्वतः उपटली, आणि त्यांनी ती परत ठोकली नाही. वडिलांवर माझं प्रेम होतं. पण त्यांनी आधी श्वास घ्यायला शिकवलं आणि मग दार लावून घेतलं, याबद्दल मी त्यांना कधीच पुरतं माफ केलं नाही.

वर्ग पुन्हा भरला, भिंतीवर झावळांचे आडोसे लागले, पण इंदू आली नाही. दाजींनी तोंडून गेलेला शब्द पाळला तो त्यांच्या पद्धतीने. "खोपीक व्हय म्हटलां," ते गावभर सांगत. "माज्या घरातली सून खंय जातली तां माज्या हातात." तिची शीळ पुन्हा वाढली आहे असं शेजारची बाई सांगून गेली. मग मी ठरवलं, इंदू येत नाही तर वर्ग तिच्याकडे जाईल. रोज सकाळी दाजींच्या गडग्याबाहेर पायवाटेवर उभी राहून मी मोठ्याने म्हणायला लागले, "श्वास घ्या." थांबायची. "सोडा." आत तिच्या खोलीची खिडकी बंद असे. ती ऐकते आहे की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता. येणारे-जाणारे फिदीफिदी हसत. दाजी ओसरीवरून ओरडत, "हयसर तमाशो नको." मी म्हणायची, "वाट गावाची आसा." एकदा त्यांनी कळशीभर पाणी माझ्या अंगावर फेकलं. मी केस पिळले आणि पुढचं म्हटलं.

त्या भिजण्याने की रोजच्या ओरडण्याने कोण जाणे, माझा आवाज बसला. त्या सकाळी मी वाटेवर उभी राहिले, तोंड उघडलं, आणि घशातून वारा तेवढा निघाला. दाजी ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांच्या ते लक्षात आलं आणि ते समाधानाने हसले. मी तशीच उभी राहिले, जायचं नाही एवढंच ठरवून. तेवढ्यात आतून आवाज आला, "श्वास घ्या." मग बरोबर तेवढंच थांबणं. मग "सोडा." दाजींचा अडकित्ता हातात तसाच राहिला. पुन्हा आतून, आणखी मोठ्याने, "श्वास घ्या," आणि खिडकी उघडली, आणि मग दार उघडलं. इंदू काष्टा मारून बाहेर आली. ती ओसरीवर सासऱ्यांच्या समोर थांबली, आणि कुठेही न अडखळता, शीळ न वाजता, एका दमात म्हणाली, "मामांनू, मी सुमनवांगडा खोपीत जातंय, जेवच्या येळेक येतंय, भात चुलीर आसा तो उतरून ठेवा."

एवढं लांब वाक्य दाजींनी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असणार. ती पायऱ्या उतरली, अंगण ओलांडलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आम्ही चालायला लागलो. वळणापर्यंत पोचलो असू, तेव्हा मागून घरातून टोप खाली आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ, बोटं भाजलेला माणूस हासडतो तशी एक कचकचीत शिवी.